छोटं विमान उडवण्याआधी काय काय बघायचं, आणि का

१२ ऑक्टोबर १९९७. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या विमानतळावर गायक जॉन डेन्व्हर नुकत्याच विकत घेतलेल्या विमानात बसायच्या तयारीत होता. लाँग-ईझी जातीचं, दोन आसनांचं, हौशी माणसाने स्वतः बांधलेलं विमान. डेन्व्हर जुना वैमानिक, पण या जातीच्या विमानावर त्याचा हात बसलेला नव्हता. बांधणाऱ्याने टाकी बदलायची कळ मूळ आराखड्यातल्या जागी न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती, आणि ती फिरायला जड होती. इंधन किती उरलंय हे दाखवणाऱ्या नळ्याही मागेच, त्यांच्यावर आकड्यांच्या खुणा नाहीत. तिथल्या तंत्रज्ञाने कळीला पकड लावून पाहिली, तरी हात पुरेना. मागचं दिसावं म्हणून शेवटी त्याने एक आरसा दिला. इंधन भरू का, असं विचारल्यावर तासाभराचंच उड्डाण आहे, गरज नाही, असं उत्तर मिळालं. थोड्या वेळाने ते विमान समुद्रात कोसळलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढलेला निष्कर्ष असा, की कळ फिरवायला मागे वळताना उजव्या पायाने नकळत रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू) दाबला गेला आणि ताबा सुटला. त्यासोबत मंडळाने इंधन न भरणं, कळीची अडचणीची जागा, खुणा नसलेल्या नळ्या आणि त्या विमानाचं अपुरं प्रशिक्षण, हेही नोंदवलं. पाय दाबला गेला तो क्षण सोडला तर यातली प्रत्येक गोष्ट चाकं जमिनीवर असताना दिसत होती. दिसली होतीच, म्हणून तर आरसा आणला.

नव्या माणसाला प्रीफ्लाइट, म्हणजे उड्डाणाआधीची तपासणी, शिकवताना मला एकाच सवयीची भीती वाटते. विमान ठीक आहे असं मनात ठरवून तो फेरी मारतो आणि हाताने नुसती पानं उलटतो. फेरी मारायची ती आज उडू नये याचं कारण शोधायला. कारण सापडलं नाही तर मग उडायचं. खालचं सगळं याच चालीने वाचा. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत, म्हणजे पीओएचमध्ये जे लिहिलंय तेच तुमचं.

आदल्या संध्याकाळी: हवा

हवामानाचा अंदाज सगळेच बघतात. फरक पडतो तो बघायच्या क्रमाने. जायचं पक्कं करून मग अंदाज उघडला, की माणूस त्यातली सोयीची ओळ तेवढी वाचतो. म्हणून आकडा आधी लिहून ठेवा: ढगांचा तळ किती खाली आला, दृश्यता किती कमी झाली, आडवा वारा किती वाढला, तर मी जाणार नाही. नव्या परवानाधारकाचा हा आकडा कायद्याने दिलेल्या किमान मर्यादेपेक्षा बराच कडक असायला हवा. तो कागदावर पेनाने लिहा. डोक्यातला आकडा सकाळी बदलतो.

उपकरणांवर नव्हे तर बाहेर बघून उडणारा वैमानिक ढगात शिरला तर काय होतं, याचा १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बनावट ढगात घातलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. वैमानिक वाईट होते म्हणून नव्हे. क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल खोटं सांगायला लागतो, आणि ते खोटं अगदी खरं वाटतं.

परत फिरायची जागाही आदल्या संध्याकाळीच नकाशावर टिंब देऊन ठरवा. अमुक गावापर्यंत टेकड्या स्पष्ट दिसल्या नाहीत तर मागे. हवेत असताना असा निर्णय घ्यायला मन राजी होत नाही.

इंधनाचं गणित

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण छोट्या विमानांच्या अपघातांत सगळ्यात टाळता येण्यासारखा प्रकार हाच. भरलेल्या टाकीचं इंजिन इंधनावाचून बंद पडत नाही असं वाटतं, पण तसंही नाही. इंधन संपणं हा एक प्रकार. टाकीत इंधन असूनही ते इंजिनापर्यंत न पोहोचणं हा दुसरा: चुकीची टाकी निवडलेली, कळ अर्धवट फिरलेली, टाकीत हवा शिरायचं भोक गांधीलमाशीने मातीने लिंपून टाकलेलं. दुसरा प्रकार जास्त चीड आणणारा. शेतात उतरलेल्या विमानाच्या एका पंखात तासाभराचं इंधन तसंच डुचमळत असतं.

आता हिशोब. समजा अंतर १५० नॉटिकल मैल, विमानाचा वेग १०० नॉट, इंजिन तासाला ३५ लिटर पितं. वारा नसेल तर दीड तास, साडेबावन्न लिटर. समोरून २० नॉटचा वारा आला की जमिनीवरचा वेग ८० होतो, वेळ १ तास ५२ मिनिटं आणि इंधन ६६ लिटर. टॅक्सी (धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं), रन-अप (उडण्याआधीची इंजिनाची चाचणी) आणि चढाई यांचे ६ धरा. पर्यायी विमानतळापर्यंत २० मिनिटं, म्हणजे १२. वर ४५ मिनिटांची राखीव शिल्लक, २६ लिटर. बेरीज ११०. दीड तासाचं उड्डाण आहे, ७० लिटर खूप झालं, म्हणणारा माणूस वाटेतच हातपंखा करत बसणार.

राखीव शिल्लक ठेवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत दृश्य नियमांखाली, म्हणजे बाहेर बघून उडताना, दिवसा ३० मिनिटं आणि रात्री ४५ मिनिटं पुरतील इतकं इंधन लागतं. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने दिवसाही एक तास ठेवावा. आणि हिशोबात फक्त वापरता येण्याजोगं इंधन धरा. टाकीच्या तळातलं काही इंजिनापर्यंत येतच नाही. सेस्ना १७२-एसमध्ये ५६ गॅलनपैकी ५३ च वापरता येतात. पुस्तिकेतला लिटरचा आकडा मिक्स्चर, म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण, नीट पातळ केलेलं आहे असं धरून दिलेला असतो. शिकताना बहुतेक जण मिक्स्चरचा लाल दांडा पूर्ण आत ठेवूनच उडतात आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून पुस्तिकेला दोष देतात.

एककांकडे लक्ष द्या. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. छोट्या विमानाचं इंधन लिटरला साधारण ०.७२ किलो भरतं. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ कॅनडावरून उडताना दोन्ही इंजिनं बंद पडून गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरलं. इंधनाची मापकं बंद होती, म्हणून हिशोब हाताने केला गेला, आणि त्यात लिटरचे किलो करताना जेट इंधनाच्या ०.८ च्या जागी पौंडांचा १.७७ हा गुणक घेतला. हवं होतं त्याच्या निम्मंच इंधन भरलं गेलं. एवढ्या मोठ्या विमानात, इतक्या लोकांच्या नजरेखालून ते निसटलं. तुमच्या क्लबात पंपावर तुम्ही एकटे असता.

शेवटचं, आणि सगळ्यात साधं. मापकाच्या काट्यावर विसंबू नका. पंखावर चढा, टोपण उघडा, त्याच विमानासाठी खुणा केलेली काठी बुडवून बघा. दुसऱ्या विमानाची काठी चालत नाही.

वजन, ऊन आणि धावपट्टी

चार आसनांच्या विमानात चार माणसं, सामान आणि भरलेल्या टाक्या, हे तिन्ही एकदम सहसा बसत नाही. मावतं, पण उडत नाही. माणसांना वजन विचारायला संकोच वाटतो आणि सांगणाराही चार किलो कमीच सांगतो. विचारा, आणि थोडं वाढवून धरा.

एकूण वजनाइतकाच गुरुत्वमध्य महत्त्वाचा. तो मर्यादेच्या पुढे गेला तर उतरताना नाक वर येत नाही. मागे गेला तर विमान हलक्या हाताने नाक वर करतं, छान वाटतं, आणि स्टॉल झाल्यावर, म्हणजे पंखांची उचल सुटल्यावर, नाक खाली यायचं नाव घेत नाही. २५ ऑगस्ट २००१ ला बहामाजमध्ये गायिका आलियाला घेऊन निघालेलं सेस्ना ४०२ उडताच कोसळलं आणि नऊही जण गेले. ते कमाल वजनापेक्षा सुमारे ३०० किलोने जड होतं आणि गुरुत्वमध्यही मागच्या मर्यादेबाहेर होता.

उष्णतेचा हिशोब नव्या माणसाला पटत नाही, कारण धावपट्टी तीच दिसते. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर हजार फुटांना २ अंश कमी करतात. तुमचा विमानतळ ३००० फुटांवर असेल तर तिथे ९ अंश असायला हवेत. आज ३५ आहेत. फरक २६. त्याला १२० ने गुणा: ३१२०. त्यात मूळची उंची मिळवा. विमानाला आपण ६१२० फुटांवर आहोत असं वाटतंय. इंजिनाला हवा पातळ, प्रोपेलरला पातळ, पंखालाही पातळ. वेगमापक मात्र नेहमीचाच आकडा दाखवतो, म्हणून फसगत होते.

आता धावपट्टीची लांबी. पुस्तिकेतले आकडे नव्या विमानाचे, कसलेल्या चाचणी-वैमानिकाचे. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने खासगी वैमानिकांसाठी सोपे गुणक दिले आहेत: कोरड्या गवतावर उड्डाण-अंतराला १.२ ने गुणा, ओल्या गवतावर १.३ ने, दोन टक्के चढ असेल तर १.१ ने, वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर पुन्हा १.२ ने, आणि सगळं झाल्यावर सुरक्षेसाठी १.३३ ने. गुणक एकमेकांत गुणायचे असतात, मिळवायचे नसतात. पुस्तिका ५०० मीटर म्हणत असेल, गवत कोरडं आणि थोडा चढ असेल, तर ५०० चे ६०० होतात, ६०० चे ६६०, आणि शेवटी ८७८. धावपट्टी ८०० ची असेल तर आज एक माणूस खाली राहील, किंवा सगळेच संध्याकाळच्या गारव्याची वाट बघतील.

११ एप्रिल १९९६ ला वायोमिंगमधल्या शायेनहून एक सेस्ना कार्डिनल निघालं होतं. विमानात सात वर्षांची एक मुलगी होती, तिला ते स्वतः चालवत अमेरिका ओलांडून न्यायचं होतं, वाटेत वार्ताहर थांबलेले. विमानतळ सहा हजार फुटांवर, विमान कमाल वजनापेक्षा सुमारे ४४ किलोने जड, वादळ अंगावर आलेलं. निघाल्यावर थोड्याच वेळात ते स्टॉल होऊन पडलं. तपास अहवालात हवा, वजन आणि उंची यांच्यासोबत भरगच्च वेळापत्रकाचाही उल्लेख आहे. वेळापत्रक हा विमानाचा सुटा भाग नाही, तरी तपासायच्या यादीत तोही घ्या: आज न गेल्यास नक्की काय बिघडतं?

आधी वही, मग विमान

हँगरमध्ये पोचल्यावर थेट विमानाकडे धावू नका. देखभालीची वही आणि तक्रारींची पानं मागा. भाड्याचं विमान असेल तर काही क्लबांत कपाळावर आठ्या पडतात, पडू द्या. उड्डाणयोग्य आहे की नाही हे ठरवायची जबाबदारी शेवटी विमान नेणाऱ्या वैमानिकावरच येते.

बघायचं एवढंच: वार्षिक तपासणी कधी झाली, आणि तासांची तपासणी कधी संपते. अमेरिकेत वार्षिक तपासणी १२ महिन्यांची असते, आणि भाड्याने किंवा पैसे घेऊन शिकवायला वापरलेल्या विमानाला दर १०० तासांनी आणखी एक. जायला दोन तास आणि यायला दोन तास असतील आणि तीनच तास शिल्लक असतील, तर तुम्ही परगावी अडकणार, किंवा मुदत संपलेलं विमान घेऊन परत येणार. त्यानंतर सक्तीच्या दुरुस्ती-आदेशांची नोंद. हे आदेश कुणाच्या तरी जिवावर बेतल्यावर निघालेले असतात. सेस्नाच्या आसनांच्या रुळांवर १९८७ साली निघालेल्या आदेशाचंच घ्या: रुळाची भोकं झिजली की खुट्टी धरत नाही, आणि विमान नाक वर करताच वैमानिकाचं आसन मागे घसरतं. हात तर योकवर, म्हणजे विमान चालवायच्या दांड्यावर, असतात. पुढे काय होतं ते सांगायला नको. म्हणून बसल्यावर आसन पुढेमागे जोरात हलवून बघायची सवय लावा, वहीत काहीही लिहिलेलं असलं तरी.

वहीत एकच तक्रार तीनदा आली असेल आणि प्रत्येक वेळी पुढे ‘जमिनीवर तपासलं, ठीक’ असं असेल, तर ती दुरुस्त झालेली नाही. मेकॅनिकशी बोला. चांगला मेकॅनिक प्रश्नाने चिडत नाही.

विमानाभोवती फेरी

छापील यादी हातात हवी. पाठ आहे म्हणून ती खिशात ठेवायची पद्धत जुन्या लोकांत दिसते, ती उचलू नका. यादीचा इतिहासच सांगतो ती कशासाठी आहे ते. ३० ऑक्टोबर १९३५ ला ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर उडताच कोसळलं. वाऱ्याने सुकाणूचे पृष्ठभाग हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहिली होती. चालवणारे निवडक लोक होते. त्यानंतर छापील यादीची पद्धत रुजली. तरीही ३१ मे २०१४ ला मॅसॅच्युसेट्सच्या बेडफर्डमध्ये गल्फस्ट्रीम जेट तशाच खिळीमुळे धावपट्टीबाहेर गेलं आणि सात जण मेले. त्या विमानाच्या आधीच्या १७५ उड्डाणांच्या नोंदी काढल्या, तेव्हा सुकाणूची पूर्ण तपासणी फक्त दोनदा झालेली आढळली.

फेरीला सुरुवात करण्याआधी, विमान ढकलण्याआधी, इंधनाचा निचरा काढा. पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं. विमान हलवलं की ते परत मिसळतं. पावसात उभ्या राहिलेल्या विमानाच्या टोपणाचं रबर झिजलेलं असेल तर पाणी तिथून शिरतं, आणि अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्पही जमतं. नव्या सेस्ना १७२ ला निचऱ्याच्या १३ जागा आहेत. तेराही करा. पारदर्शक कपात बघताना दोन थर दिसतात का ते बघतातच, पण एक फसवणूक लक्षात ठेवा: पूर्ण कपभर पाणीच आलं तर थर दिसत नाही. म्हणून रंग बघा, वास घ्या. छोट्या विमानांचं शंभर-एलएल इंधन निळसर असतं.

रंग फिका वाटला आणि कागदावरचा थेंब वाळल्यावर तेलकट डाग राहिला, तर कुणीतरी जेटचं इंधन मिसळलं आहे. पिस्टन इंजिन त्यावर सुरू होऊ शकतं, कारण नळ्यांत आधीचं चांगलं इंधन उरलेलं असतं. बंद पडतं ते उडाल्यावर. प्रसिद्ध वैमानिक बॉब हूव्हर यांच्यावर हाच प्रसंग आला होता आणि ते वाचले. जेट इंधनाच्या पंपाला रुंद तोंडाची नळी लावायची, म्हणजे ती छोट्या विमानाच्या टाकीत शिरणारच नाही, ही सोय आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तरीही इंधन भरताना जवळ उभे राहा. चहाला नंतर जाता येतं.

तेल किती आहे ते बघा आणि काठी परत घट्ट बसवा. काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, भोकांतून टॉर्च मारा: पक्षी काड्यांचं घरटं एका दिवसात रचतात, आणि इंजिन तापलं की त्या काड्या पेटतात. पिटो ट्यूबचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) आवरण काढलं का, स्टॅटिक पोर्ट (हवेचा दाब घेणारी भोकं) मोकळे आहेत का, तेही बघा. १९९६ साली दोन मोठी बोइंग ७५७ एवढ्याशा भोकांपायी गेली. फेब्रुवारीत बिर्गनएअरचं, बहुधा पिटो ट्यूबमध्ये किड्याने केलेल्या घरट्यामुळे. ऑक्टोबरमध्ये एअरोपेरूचं, धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिल्यामुळे.

प्रोपेलरच्या कडेवरून बोट फिरवा, पण त्याच्या फिरण्याच्या वाटेत उभे न राहता. नखाला अडकेल असा ओरखडा दिसला तर मेकॅनिकला दाखवा. तिथून तडा सुरू होतो. आणि मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची, किल्ली बंद असली तरी प्रोपेलर जिवंत आहे असंच वागा. मॅग्नेटोची जमिनीला जोडणारी तार तुटली की किल्ली नावापुरती उरते, आणि हाताने पातं थोडं फिरवलं तरी ठिणगी पडते.

टायर, ब्रेकच्या नळ्या, बिजागऱ्या, सुटे नट हे सगळे पाच मिनिटांत बघून होतात. त्यावर जास्त लिहीत नाही. फेरी अर्ध्यात असताना कुणी बोलावलं तर मात्र परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करा. ‘पंखापर्यंत झालं होतं बहुतेक’ यातला ‘बहुतेक’ घातक असतो.

दुरुस्तीहून आलेलं विमान

विमान नुकतंच दुरुस्त होऊन आलंय म्हणजे ते सगळ्यात सुरक्षित, असं नव्या माणसाला वाटतं. जुन्या मेकॅनिकांना विचारा. ते उलट सांगतील. काल जे भाग जागच्या जागी होते त्यातले वीस-पंचवीस आज कुणीतरी काढून परत लावलेत.

११ नोव्हेंबर २०१८ ला पोर्तुगालमध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर एअर अस्तानाचं एंब्राएर १९० उडालं, आणि वैमानिकांच्या लक्षात आलं की विमान ऐकतच नाही. एलरॉनच्या, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्यांच्या, तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. खूप वेळ झगडून त्यांनी ते बेजाला उतरवलं. जमिनीवर असताना ते लक्षात आलं नव्हतं.

छोट्या विमानात हे शोधायला दोन सेकंद लागतात. योक धरा, दोन्ही अंगठे सरळ वर ठेवा. डावीकडे फिरवा: अंगठे डावीकडे झुकतात, आणि ज्या बाजूला झुकले त्या बाजूचं एलरॉन वर जायला हवं. उजवीकडेही तसंच. मग योक मागे ओढून शेपटीवरचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) वर जातो का ते वळून बघा. नुसतं मोकळेपणाने हलतंय एवढ्यावर थांबू नका. उलट जोडलेल्या ताराही मोकळेपणाने हलतात. ट्रिमचं (नाकाचा तोल राखणाऱ्या छोट्या पट्टीचं) चाक फिरवून त्याची पट्टी कोणत्या दिशेला जाते तेही बघा.

काय काढलं होतं ते मेकॅनिकला विचारा आणि त्या जागा आधी बघा. तेलाचा फिल्टर बदलला असेल तर त्याला सेफ्टी वायर आहे का. जिथे नट उघडला तिथे कॉटर पिन आहे का. काउलिंगचे सगळे स्क्रू आहेत का. एखादं पान्याचं टोक, चिंधी, टॉर्च आत राहिलेली नाही ना. खेचून ठेवलेले सर्किट ब्रेकर परत दाबले का. पहिलं उड्डाण एकट्याने, दिवसा, चांगल्या हवेत, आणि विमानतळाच्या वरच. मित्राला फिरवून आणायचा दिवस तो नव्हे.

एक जागा वैमानिकाला बाहेरून दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. बऱ्याच छोट्या विमानांत केबिनची ऊब एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून येते. नळीला चीर गेली की त्या उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि त्याला वास नसतो. २१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला याला नेणारं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत पडलं. त्याच्या रक्तात या वायूने बांधलेलं हिमोग्लोबिन ५८ टक्के होतं. आवाज करून सावध करणारं शोधक यंत्र विमानात नव्हतं. असं यंत्र मुठीत मावतं. घ्या. डोकं दुखायला लागलं आणि हीटर चालू असेल तर हीटर बंद, बाहेरच्या हवेची झडप उघडी, आणि जवळच्या धावपट्टीवर खाली.

रन-अप

मॅग्नेटो एकेक बंद करून बघताना इंजिनाचे फेरे किती पडले, याइतकंच कसे पडले तेही ऐका. थोडे आणि गुळगुळीत पडले तर ठीक. खडखडत पडले तर प्लग काळवंडलेला असू शकतो. मुळीच पडले नाहीत तर खूश होऊ नका. ती तुटलेल्या तारेची खूण आहे.

कार्ब्युरेटर हीट, म्हणजे इंधन-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय, चालू करा, फेरे किंचित उतरायला हवेत. उतरले आणि मग आपोआप चढले तर बर्फ जमलेला होता आणि तो वितळतोय. हो, जमिनीवर, थंडी नसताना. कार्ब्युरेटरच्या अरुंद घशात इंधनाची वाफ होताना तापमान २० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त उतरू शकतं, त्यामुळे दमट हवेत बाहेर २० अंश असतानाही आत बर्फ धरतो. हवेत असा बर्फ धरल्यावर हीट पूर्ण उघडली, की वितळलेलं पाणी इंजिनात जाऊन ते क्षणभर जास्तच खडखडतं. तिथे घाबरून हीट बंद करणारे नवे वैमानिक असतात. उघडीच ठेवा.

धावपट्टीवर शिरण्याआधी एक खूण ठरवा: अर्ध्या धावपट्टीला उड्डाण-वेगाच्या ७० टक्के वेग आलेला नसेल तर थ्रॉटल बंद. ते मोठ्याने बोला, शेजारी कुणी नसलं तरी.

आणि तुम्ही

अमेरिकेच्या विमान प्रशासनाची आयमसेफ नावाची एक छोटी यादी आहे: आजार, औषधं, ताण, दारू, थकवा, मनःस्थिती. दारू आणि उड्डाण यांत तिथे किमान आठ तासांचं अंतर सक्तीचं आहे, पण आठ तासांनी उतरते ती नशा, डोकं ठिकाणावर यायला आणखी वेळ लागतो. सर्दीची साधी गोळीही झोप आणते. यातलं सर्वांत कमी कबूल केलं जातं ते थकव्याचं. माणसं दुखण्याची सबब सांगतात, झोप झाली नाही हे सांगत नाहीत.

उतरल्यावर

विमान दोराने जागेवर बांधून ठेवलं की लगेच घरी पळू नका. पुढच्या वैमानिकाची प्रीफ्लाइट तुमच्या नोंदीपासून सुरू होते. ‘ब्रेक बरोबर नाही’ असं लिहिलं तर मेकॅनिक दाबून बघेल, धरेल, आणि ‘ठीक’ लिहील. लिहायचं असं: उजवा ब्रेक पहिल्या दाबाला तळाला जातो, दुसऱ्याला धरतो, टॅक्सी करून गरम झाल्यावर जास्त, चाकाच्या आतल्या बाजूला लाल तेलाचे थेंब. वेळ आणि तारीख घाला. मग योकला ‘उडवू नये’ची पट्टी बांधा आणि किल्ली नेहमीच्या खिळ्यावर न टांगता मेकॅनिकच्या हातात द्या, कारण उद्या पहाटे येणारा विद्यार्थी वही उघडेलच असं नाही, पण किल्ली मात्र तो नक्की शोधेल.